मारिओ कार्ट ८ डिलक्स: पडद्यावरच्या गर्दीत नजर कुठे ठेवायची

मारिओ कार्ट ८ डिलक्स या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये नवखा खेळाडू बोटांमुळे हरत नाही, डोळ्यांमुळे हरतो. पडद्यावर एका वेळी बारा गाड्या, फिरणारे आयटम बॉक्स (हत्यारं आणि मदतीच्या वस्तूंच्या पेट्या), सुटलेली शेल्स (एकमेकांवर फेकायची कासवाची कवचं), नाणी, ठिणग्या, कडेला नाचणारे प्रेक्षक आणि कोपऱ्यात नकाशा. डोळा आपोआप हलत्या आणि चमकत्या वस्तूकडे जातो, आणि इथे तर सगळंच हलतं आणि चमकतं. समोरच्याची धमाल बघण्यात अर्धा सेकंद जातो, तोवर वळण आलेलं असतं आणि गाडी भिंतीवर.

घोडबंदर रोडने गायमुखच्या घाटात गाडी चालवणारा माणूस पुढच्या गाडीच्या बंपरकडे टक लावून बघत नाही. रस्ता जिथे वळून दिसेनासा होतो तिथे त्याची नजर असते. बाजूने चाललेला डंपर त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतो आणि मागचा हॉर्नवरून. हा गेमही असाच बघायचा असतो. एकदा ही सवय लागली की १५०सीसीचा (हा गेममधला एक वेगवान वर्ग) वेग निम्मा झाल्यासारखा वाटतो.

इथली माहिती निन्टेन्डो स्विचवर एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या ८ डिलक्सची आहे. जून २०२५ मध्ये स्विच २ वर आलेल्या मारिओ कार्ट वर्ल्डमध्ये गाड्या चोवीस असतात, म्हणजे गर्दी दुप्पट. बटणांचे बारकावे तिथे थोडे वेगळे आहेत, पण नजरेचा नियम तोच.

आधी टीव्ही नीट लावा

हे काम बहुतेक जण सोडून देतात आणि मग महिनाभर स्वतःला दोष देत बसतात. हा गेम एकट्या-दुकट्याने खेळताना सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने चित्र 'सुधारण्यात' १०० मिलिसेकंद घालवले, तर तुम्ही जे बघताय ते सहा फ्रेम जुनं असतं. वळण दिसल्यावर लगेच बटण दाबलं तरी गाडी उशिराच वळते. हात बरोबर असतो, चित्र शिळं असतं.

टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. काही टीव्हींवर तो सहज सापडत नाही. अशा वेळी एचडीएमआयच्या त्या इनपुटला 'गेम' किंवा 'पीसी' असं नाव दिलं की तो मोड लागतो. मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन, खोलीच्या उजेडाप्रमाणे कमी-जास्त होणारा ब्राइटनेस, हे सगळं बंद करा. 'व्हिव्हिड' मोडही नको. त्यात रंग इतके भडक होतात की ड्रिफ्टची, म्हणजे घसरत वळताना उडणारी, निळी ठिणगी आणि पाठीमागचं निळं आकाश वेगळं कळत नाही.

आपल्याकडच्या टॉवरमधल्या हॉलमध्ये टीव्ही बहुधा बाल्कनीच्या समोरच्या भिंतीवर असतो. दुपारी दोन ते पाच या वेळात सगळी खिडकी पडद्यावर उमटते आणि कडेच्या गडद भागात पडलेलं केळ्याचं साल दिसतच नाही. पडदा ओढून घ्या, पण खोली अंधारी करू नका. लखलखत्या पडद्यासमोर पूर्ण अंधारात बसलं की डोळे लवकर थकतात. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला एक दिवा चालू असलेला उत्तम. ज्यांना लुकलुकत्या प्रकाशाने आकडी येण्याचा त्रास आहे किंवा घरात कोणाला होता, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा गेम खेळू नये. बाकीच्यांनीही गरगरायला लागलं तर 'एवढी रेस संपवतो' म्हणत बसू नये, तिथेच थांबावं. तासाभराने दहा-पंधरा मिनिटं सुट्टी हवीच.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल एक गोष्ट. स्विचला ते जोडता येतात, पण जोडलेले असताना वायरलेस कंट्रोलर दोनच चालतात आणि आवाज थोडा मागून येतो. या गेममध्ये आवाज हा अर्धा डोळा आहे, म्हणून टीव्हीचा स्पीकर किंवा वायरवाला हेडफोन घ्या.

तीन सेटिंग्ज

गाडी निवडायच्या पडद्यावर प्लसचं बटण दाबलं की स्मार्ट स्टीअरिंग, टिल्ट आणि ऑटो अ‍ॅक्सिलरेट असे तीन पर्याय दिसतात.

स्मार्ट स्टीअरिंग चालू असेल तर गाडीच्या मागे छोटी अँटेना दिसते आणि गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली की आपोआप आत ओढली जाते. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी ही सोय फार छान आहे. शिकणाऱ्यासाठी मात्र अडचणीची, कारण ती चालू असताना ड्रिफ्टचा जांभळा टप्पा, म्हणजे वेगाचा सर्वांत मोठा झटका, मिळत नाही आणि गवतातून जाणारे कित्येक शॉर्टकट गाडी घेऊच देत नाही. शिकायचं असेल तर ती पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. दोन दिवस दरीत पडाल, तिसऱ्या दिवशी पडणं कमी होईल.

टिल्ट म्हणजे कंट्रोलर तिरका करून गाडी वळवणं. तेही बंद करा, कारण स्टिकइतका नेमकेपणा त्यात नाही. ऑटो अ‍ॅक्सिलरेट, म्हणजे बटण न धरता गाडी पुढे जाणं, बंद किंवा चालू, दोन्ही चालेल. अंगठा दुखत असेल तर चालू ठेवायला काहीच हरकत नाही.

गाडीची निवड गुंतागुंतीची वाटते, पण नवख्याने एकच लक्षात ठेवावं: टॉप स्पीडच्या रेघेवर भाळू नका. धडकल्यावर पुन्हा वेग पकडणं म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, आणि सुरुवातीला तुम्ही धडकणारच आहात. हलकं पात्र, बिडीबगीसारखी छोटी गाडी आणि 'रोलर' ही लहान चाकं घ्या. पडद्यावर न दिसणारा मिनी-टर्बोचा गुणही या जोडीत चांगला आहे, म्हणजे ड्रिफ्टचा बूस्ट (वेगाचा झटका) जास्त वेळ टिकतो. बाउझरसारखी जड पात्रं धक्काबुक्कीत भारी पडतात, पण एकदा थांबली की उठायला वेळ घेतात.

पडद्याचे भाग पाडा

एकटे खेळताना वर डावीकडे तुमचे आयटम असतात, खाली डावीकडे नाणी आणि लॅप (फेऱ्या), खाली उजवीकडे तुमचा नंबर. मधली सगळी जागा रस्त्याची. नवखा माणूस स्वतःच्या गाडीकडे बघत खेळतो, आणि सगळ्यात मोठी चूक हीच. तुमची गाडी पडद्यावर जवळजवळ एकाच जागी असते. ती कुठे आहे हे बघायची गरजच नाही.

नजर पडद्याच्या मध्यापासून थोडी वर ठेवा, जिथे रस्ता बारीक होत पुढे जातो तिथे. वळण सुरू झालं की ती वळणाच्या आतल्या कडेवर न्या, आणि गाडी त्या कडेपाशी पोचायच्या आधीच तिथून उचलून पुढच्या सरळ रस्त्यावर टाका. गाडी नेहमी नजरेच्या मागून यायला हवी. समोरच्याला शेल लागून तो गरगरतोय, वर फुगे उडतायत, प्रेक्षकांत टोड नाचतायत, ते तुमच्या कामाचं नाही. गरगरणाऱ्या गाडीकडे बघितलं की हात नकळत तिकडेच वळतो. बघायची असते ती तिच्या बाजूची मोकळी जागा.

आयटमच्या चौकटीकडे आणि नंबरकडे बघायचं ते फक्त सरळ रस्त्यावर. वळणात असताना हातात काय आलं ते बघू नका, ते कुठे पळून जात नाही. नकाशाचा उपयोग दोनच वेळा: आपण पहिले असताना दुसरा किती मागे आहे ते बघायला, आणि अनोळखी ट्रॅकवर पुढे यू-टर्न आहे का ते कळायला.

ही सवय लावायला गर्दीच काढून टाका. व्हीएस रेसमध्ये जाऊन नियम बदला: आयटम 'नाही', संगणकाचे खेळाडूही 'नाहीत', १००सीसी. रिकाम्या रस्त्यावर तोच ट्रॅक तीन-चार वेळा फिरा. मग संगणकाच्या गाड्या 'सोप्या'वर ठेवून आणा, आयटम बंदच ठेवा. त्यानंतर आयटम चालू करा, पण सगळे एकदम नको. डिसेंबर २०२२ च्या अपडेटपासून कोणते आयटम ठेवायचे ते एकेक करून निवडता येतं. आधी केळी आणि मश्रूम (क्षणभर वेग देणारं), मग सरळ जाणारं ग्रीन शेल, मग पाठलाग करणारं रेड, आणि शेवटी वीज, बुलेट वगैरे मोठी हत्यारं. प्रत्येक पायरीला दोन दिवस पुरतात. एका दमात सगळा गोंधळ समोर घेतला तर डोळा काहीच शिकत नाही.

सुटतानाचा बूस्ट

तीन, दोन, एक असे आकडे येतात. 'दोन' येऊन पडद्यावर बसला की लगेच ए (वेग देण्याचं बटण) दाबून धरा आणि सोडू नका. बरोबर जमलं तर गाडी झेप घेऊन निघते. 'तीन'वरच दाबून ठेवलं तर इंजिन गुदमरतं आणि सगळे निघून जातात. 'एक'वर दाबलं तर झेप अगदीच किरकोळ. सुरुवातीला आकड्याकडे बघूनच करा. दहा-बारा वेळा जमलं की डोळे मिटून आवाजावर करून बघा. ते जमलं की सुटायच्या क्षणी डोळे मोकळे राहतात आणि बाजूच्या गाड्यांमध्ये फट कुठे आहे ते बघता येतं.

ड्रिफ्ट: सगळा खेळ इथे आहे

वळताना आर बटण दाबलं की गाडी छोटीशी उडी मारते आणि खाली येताना घसरत वळायला लागते. आर धरून ठेवलं की चाकांपाशी ठिणग्या येतात: आधी निळ्या, मग नारंगी, मग जांभळ्या. आर सोडलं की त्या टप्प्याप्रमाणे बूस्ट मिळतो. ज्या माणसाला हे कळलं आणि ज्याला नाही कळलं, त्यांच्यात एका रेसमध्ये बरेच सेकंद पडतात. बाकी सगळ्या युक्त्यांची बेरीज केली तरी एवढी होत नाही.

सावकाश फोड करून बघू. वळणाच्या आत शिरायच्या बरंच आधी स्टिक त्या बाजूला ढकला आणि लगेच आर दाबा. क्रम महत्त्वाचा आहे. स्टिक सरळ असताना आर दाबलं तर नुसती उडी मिळते, ड्रिफ्ट नाही, आणि गाडी सरळ जाऊन बाहेरच्या भिंतीला भिडते. उडी मारून गाडी खाली टेकेपर्यंत स्टिक वाकडीच हवी. ड्रिफ्ट लागला की त्याची दिशा ठरली. आता स्टिक आत ढकलाल तर वळण आवळतं आणि ठिणग्या लवकर रंग बदलतात. बाहेर ढकलाल तर वळण सैल होतं आणि ठिणग्या उशिरा रंगतात. चांगला खेळाडू वळणभर स्टिक आत-बाहेर, आत-बाहेर करत राहतो. दाराची कडी अडकली की आपण ती थोडी पुढे-मागे करतो, तशीच ही हालचाल असते.

चुका तीन प्रकारच्या होतात.

पहिली, उशीर. नवखा माणूस वळण दिसल्यावर नाही, वळण आल्यावर आर दाबतो. गाडी बाहेर फेकली जाते, गवतात जाते, ड्रिफ्ट तुटतो. उपाय: तुम्हाला बरोबर वाटतं त्याच्या एका गाडीच्या लांबीइतकं आधी दाबा. खूप लवकर दाबल्यासारखं वाटेल, पण तेच बरोबर असतं.

दुसरी, घाई. ठिणगी निळी व्हायच्या आधीच आर सुटतं. अशा ड्रिफ्टला काहीच बूस्ट नाही, उलट वेग किंचित घटलेलाच असतो. लहान वळणावर निळी पुरते, पण निळी तरी येऊ द्या.

तिसरी चूक थोडं येऊ लागलेल्यांची. जांभळ्याच्या लोभाने वळण संपलं तरी ड्रिफ्ट धरून ठेवायचा आणि आतल्या कडेवर आपटायचं. वळण संपताना गाडीचं नाक ज्या दिशेला हवं त्या दिशेला आलं की सोडा, रंग कोणता का असेना. नाक भिंतीकडे असताना मिळालेला जांभळा बूस्ट तुम्हाला भिंतीवरच नेतो.

सरावासाठी बेबी पार्कसारखी जागा नाही. हा लंबगोल ट्रॅक इतका छोटा आहे की बाकीकडे तीन लॅप असतात तिथे इथे सात. दोनच यू-टर्न, म्हणजे एका रेसमध्ये तेच वळण चौदा वेळा. टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी शर्यत) लावा, गर्दी नसते. प्रत्येक वळणावर एकच अट ठेवा: ठिणगीचा रंग डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळखायचा, थेट बघायचं नाही. तिन्ही टप्प्यांचा आवाज थोडा वेगळा असतो, तोही कानात बसू द्या. चौदापैकी दहा वळणं नारंगी किंवा जांभळी होऊ लागली की खऱ्या ट्रॅककडे वळा.

मोटरसायकलींपैकी काही आतल्या बाजूला झपकन शिरणारा ड्रिफ्ट घेतात. त्या शिकायला अवघड आहेत, गाडीवर हात बसेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

२००सीसी या सर्वांत वेगवान वर्गात नुसता ड्रिफ्ट पुरत नाही. ए आणि आर धरलेलं असतानाच बी (ब्रेक) हलकेच टिचकी मारल्यासारखं दाबायचं. ड्रिफ्ट न तुटता वेग उतरतो. दोन-तीन टिचक्या पुरतात. बी दाबून धरलं तर गाडी बसते.

लहानसहान वेग

उंचवटा किंवा रॅम्पच्या टोकावर आर दाबलं की गाडी हवेत करामत करते आणि उतरताना बूस्ट मिळतो. टोकाच्या आधी दाबलं तर नुसती उडी. पुढच्या गाडीच्या अगदी मागे काही क्षण राहिलं की हवेच्या पांढऱ्या रेघा दिसतात, मग बाजूला निघून ओव्हरटेक करा. चाकं आडवी होऊन निळी चमकतात तो अँटी-ग्रॅव्हिटीचा भाग. तिथे दुसऱ्या गाडीला घासलं तर दोघांनाही बूस्ट मिळतो, म्हणून तिथे गर्दीला घाबरू नका, उलट घुसा.

नाणी दहापर्यंत साठतात आणि प्रत्येक नाण्याने टॉप स्पीड थोडा वाढतो. फटका बसला किंवा दरीत पडलं की तीन जातात. त्यामुळे पहिल्या लॅपमध्ये थोडी वाकडी वाट करून नाणी उचलणं परवडतं, शेवटच्या लॅपच्या शेवटी नाही. हातात दहा झाल्यावर नाण्यासाठी एक इंचही वळू नका.

आयटम: हातातलं कधी सोडायचं

डिलक्समध्ये दोन आयटम जवळ ठेवता येतात. एकावर एक असे दोन बॉक्स असतील तिथे दोन्ही एकदम मिळतात. नवखा माणूस आयटम आला की लगेच फेकतो. घाईने फेकलेलं ग्रीन शेल कडेला आपटून त्याच्याच अंगावर येतं.

पहिल्या तीन नंबरांत असाल तर तुमचं काम मारणं नाही, वाचणं आहे. केळं किंवा शेल फेकू नका. एल दाबून धरा, म्हणजे ते गाडीच्या मागे लटकत राहतं. मागून आलेलं रेड शेल त्यावर फुटतं. एल सुटलं की ढाल गेली. पुढे असताना चांगले आयटम मिळत नाहीत, नाणी आणि केळी जास्त मिळतात, आणि गेम तसाच बनवलेला आहे. पहिल्या नंबरवाल्यापासून जितके दूर मागे असाल तितकी मोठी हत्यारं मिळतात: स्टार, बुलेट, सोनेरी मश्रूम, वीज.

मधले नंबर, पाच ते नऊ, सर्वांत वाईट. संध्याकाळी माजिवड्याच्या नाक्यावर मधल्या लेनमध्ये अडकल्यासारखी अवस्था. पुढून केळी येतात, मागून शेल्स, बाजूने धक्के. इथे आतल्या कडेची आदर्श लाइन सोडा. सगळे तिथेच असतात, सालही तिथेच पडलेलं असतं. बाहेरच्या कडेने थोडं लांबून पण मोकळ्या रस्त्याने जा. मश्रूम आलं असेल तर ते सरळ रस्त्यावर उधळू नका. गवतातून जाणाऱ्या शॉर्टकटसाठी ठेवा, कारण मश्रूमचा जोर असताना गवत गाडीला अडवत नाही.

ब्लू शेल पहिल्या नंबरवाल्याला शोधत जातं आणि जमिनीवरून जाताना वाटेत आलेल्यांनाही उडवतं. त्याला थांबवणारा आयटम म्हणजे सुपर हॉर्न. म्हणून पहिले असताना हॉर्न मिळाला तर तो दुसऱ्या कशासाठीही वापरू नका. हॉर्न नसेल आणि दुसरा अगदी मागे असेल, तर थोडं हळू होऊन त्याला पुढे जाऊ द्या किंवा निदान त्याला स्फोटाच्या घेरात ओढा. तुम्ही दुसरे असाल तर इशाऱ्याचा आवाज येताच पुढच्यापासून अंतर ठेवा. चिकटून राहिलात तर त्याचा स्फोट तुम्हालाही भोवतो.

ब्लूपर या आयटमची शाई पडद्यावर पसरते तेव्हा सगळे गांगरतात. शाईच्या फटीतून बघायचा प्रयत्न करू नका. नजर तिथेच, रस्ता जिथे दिसायला हवा तिथे ठेवा आणि ट्रॅक पाठ असेल त्याप्रमाणे चालवत रहा. शाई काही सेकंदांत ओघळते. रिकाम्या ट्रॅकवर केलेला सराव इथे कामी येतो.

मागे बघायला एक्स बटण. सरळ रस्त्यावर अर्धा सेकंद, तेवढंच. केळं मागे टाकायच्या आधी एक नजर टाकली की ते नेमकं कोणाच्या वाटेत पडेल ते कळतं. स्टिक पुढे करून एल दाबलं तर केळं पुढे उडतं. ग्रीन शेलला स्टिक मागे केली तर ते मागे सुटतं.

चौघं एका टीव्हीवर

मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावंडं जमली की हा प्रश्न येतोच. दोघांत पडदा उभा दुभागतो, डावा आणि उजवा. तिघं-चौघं असले की चार तुकडे होतात आणि गेम ६० ऐवजी ३० फ्रेमवर उतरतो. दोघांत जमणारा ड्रिफ्ट चौघांत उशिरा लागल्यासारखा वाटतो तो यामुळे. आर आणखी किंचित आधी दाबायचं.

तुकडा किती लहान होतो तेही बघा. ४३ इंची टीव्हीचा पाव भाग म्हणजे २१.५ इंची पडदा, ३२ इंचीचा म्हणजे १६ इंची. सोफ्यावरून १६ इंचात केळ्याचं साल दिसत नाही. खाली सतरंजीवर, टीव्हीच्या जवळ बसा, आणि ज्याचा तुकडा डावीकडे तो डावीकडेच बसू दे. चौघांत संगणकाच्या गाड्या काढून टाका किंवा 'सोप्या' ठेवा, पडदा बराच शांत होतो. ट्रॅकही बघून निवडा. इलेक्ट्रोड्रोम, निओ बाउझर सिटी, रेनबो रोड हे दिव्यांनी लखलखणारे ट्रॅक पाव पडद्यावर डोळ्यांना छळतात. मारिओ कार्ट स्टेडियम, बेबी पार्क असे ट्रॅक घ्या. टोड्स टर्नपाइकवर रस्ताभर वाहनं असतात, ते चौघांत भारी पडतं. तिथे एक सोय आहे: दोन्ही कडेच्या भिंती अँटी-ग्रॅव्हिटीच्या आहेत. ट्रॅफिक डोक्यात जायला लागलं की भिंतीवर चढा.

एकेक जॉय-कॉन (स्विचचा छोटा, सुटा होणारा कंट्रोलर) आडवा धरून खेळणाऱ्यांना आर आणि एलचं काम एसआर आणि एसएल ही बारीक बटणं देतात. मोठ्या बोटांना ती सापडत नाहीत. सोबत आलेल्या पट्ट्या सरकवून लावा, बटणं उंच होतात. पट्टीवरचं प्लस-मायनसचं चिन्ह जॉय-कॉनवरच्या चिन्हाशी जुळवूनच लावा. उलटी सरकवली तर अडकून बसते आणि ओढताना मोडायची भीती असते.

लोकलमध्ये

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर एक कप, म्हणजे चार रेसेस, साधारण बारा-पंधरा मिनिटांत होतो. घणसोली-कोपरखैरणेच्या आसपास संपतो. उभ्याने किंवा दाराशी खेळू नका. टिल्ट बंद आहे ना ते पुन्हा एकदा तपासा, नाहीतर डब्याचा प्रत्येक हिसका स्टीअरिंगवर येतो. हातातल्या पडद्यावर गर्दी आणखी दाटते, म्हणून प्रवासात नवा ट्रॅक शिकायला घेऊ नका. पाठ असलेलाच टाइम ट्रायलमध्ये फिरवा. तीन मश्रूम मिळतात, ती कुठे वापरायची हे ठरवायला ही चांगली वेळ.

स्विच नसेल तर

सुपरटक्सकार्ट हा मोफत, मुक्त स्रोत गेम विंडोज, लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइडवर चालतो. २०१९ च्या १.० आवृत्तीपासून तो ऑनलाइनही खेळता येतो. संगणकावर दिशेचे बाण, व्ही ने ड्रिफ्ट, एन ने नायट्रो, स्पेसने आयटम, बी ने मागे बघणं. वर सांगितलेली नजर आणि ड्रिफ्टची घाई-उशीर इथे जशीच्या तशी लागू होते. जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्सचा दर्जा खाली आणा. फ्रेम वाढतात आणि झगमगाटही कमी होतो. बाण, व्ही आणि एन एकदम दाबल्यावर एखादं बटण लागतच नसेल, तर दोष तुमचा नाही. साध्या कीबोर्डला काही तीन-चार बटणं एकदम ओळखता येत नाहीत. सेटिंगमधून ड्रिफ्ट शिफ्टवर न्या.

गाडी आपोआप एका बाजूला जाते

स्टिकला हात न लावता गाडी डावीकडे-उजवीकडे ओढली जात असेल तर आधी स्मार्ट स्टीअरिंग बंद आहे का ते बघा, पुष्कळदा तेच निघतं. ते नसेल तर स्विचच्या सिस्टीम सेटिंग्जमध्ये 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स' उघडून 'कॅलिब्रेट कंट्रोल स्टिक्स' करा. तिथल्या वर्तुळात स्टिक सोडल्यावर ठिपका बरोबर मध्ये यायला हवा. येत नसेल तर स्टिकच्या बुडाशी धूळ किंवा झीज आहे. खाडीजवळच्या घरात पावसाळ्यात दमट हवा आणि धूळ मिळून हा त्रास वाढू शकतो, म्हणून खेळून झाल्यावर कंट्रोलर टीव्हीखाली उघडा न टाकता डब्यात ठेवा. कॅलिब्रेट करूनही ठिपका सरकतच असेल तर स्टिक बदलून घ्या. तोवर दुसऱ्या कंट्रोलरवर खेळा, नाहीतर सरकत्या स्टिकला सांभाळून घेणारी चुकीची सवय हाताला लागते आणि नवी स्टिक आल्यावर प्रत्येक ड्रिफ्ट पुन्हा शिकावा लागतो.